कडुलिंब, निलगिरी आणि १०० मीटर दोरी

आमच्या अंगणातल्या कडुलिंबाचं पहिलं भक्कम दुबेळकं जमिनीपासून १०.५ मीटरवर आहे, आणि घरामागच्या निलगिरीची मला हवी असलेली फांदी १६ मीटरवर. ही दोन्ही मापं मला तोंडपाठ आहेत, कारण रेडिओचा अँटेना टांगण्यासाठी त्या दोन जागांवरून एकेक दोरी न्यायला मला डिसेंबरपासून मार्चअखेरपर्यंतचा वेळ लागला. मापं काढली लेकीच्या कंपासपेटीतल्या कोनमापकाने. त्याच्या मध्याला दोरा बांधून खाली एक नट लोंबकळत ठेवला. सरळ कडेवरून फांदी न्याहाळत मागे मागे सरकायचं आणि दोरा ४५ अंशांवर आला की थांबायचं. तिथपासून बुंध्यापर्यंतचं अंतर आणि आपल्या डोळ्यांची उंची यांची बेरीज म्हणजे फांदीची उंची. शिडी लागत नाही.

मी हौशी रेडिओचं लायसन्स काढलं ते वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी. इच्छा मात्र २६ जानेवारी २००१ पासूनची. त्या सकाळी पावणेनऊच्या सुमारास बडोद्यातही घरं हलली. आम्ही कॉलेजात झेंडावंदनाला उभे होतो, आणि दुपारपर्यंत कच्छकडे फोनच लागेनात. भुजला नातेवाईक असलेली एक मैत्रीण तीन दिवस नुसती रडत होती. त्या दिवसांत हॅम मंडळी, म्हणजे हौशी रेडिओवाले, आपापले सेट आणि बॅटऱ्या घेऊन कच्छात पोहोचली आणि निरोपांची ने-आण करू लागली, हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. तार आणि बॅटरी एवढ्यावर माणूस माणसाशी बोलू शकतो, ही गोष्ट मनातून गेली नाही. पुढे लग्न, नोकरी, मूल. जुलै २०१९ च्या पुरात विश्वामित्री नदीचं पाणी गल्लीत शिरलं, वीज गेली, मोबाइल बंद पडले, तेव्हा पुन्हा तेच आठवलं. मग मात्र पुस्तकं घेतली, परीक्षा दिली आणि 'व्हीयू३'ने सुरू होणारा माझा कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं ओळखनाव, आला.

सेट आला, पण अँटेना हा खरा प्रश्न. भारतातल्या भारतात बोलायला ४० मीटरचा पट्टा फार सोयीचा, म्हणजे ७ ते ७.२ मेगाहर्ट्‌झ. त्यासाठी सगळ्यात साधा अँटेना म्हणजे डायपोल: मधोमध तोडलेली तार, दोन्ही बाजू सारख्या. १४३ ला मेगाहर्ट्‌झने भागलं की तारेची एकूण लांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ साठी ती २० मीटरच्या जरा वर येते, म्हणजे एकेक बाजू १० मीटरची. मी पहिला डायपोल गच्चीच्या कठड्यावर काठ्या लावून ताणला. कठड्यापासून हातभर वर आणि खाली लोखंडी सळयांचा स्लॅब. नाशिक कसंबसं ऐकू यायचं, माझं कुणालाच जायचं नाही. तार इतकी खाली असली की बरीच ताकद जमीन आणि स्लॅबच खातात. १०-१२ मीटर उंची मिळाली, म्हणजे साधारण पाव तरंगलांबी, की लहरी चांगल्या जोमाने वर जातात आणि आयनोस्फिअरवरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परतून चारशे-पाचशे किलोमीटरच्या परिघात उतरतात. पुणं आमच्यापासून सरळ रेषेत सुमारे ४२० किलोमीटर. मला हवं होतं तेवढंच.

लोखंडी मनोरा उभारायचा तर खर्च, पाया, गंज. आणि आमच्याकडे दोन झाडं होती. आजेसासऱ्यांनी मांजलपूरच्या बाजूला हा प्लॉट घेतला तेव्हा आजूबाजूला शेतं होती. पुढचा कडुलिंब तेव्हाचा, मागची निलगिरी सासऱ्यांनी लावलेली. दोन्हींत ३६ मीटर अंतर आणि मध्ये घर. कागदावर काढून बघितलं तर तार अगदी बरोबर बसत होती: मध्ये २० मीटर तार, दोन्ही टोकांना आठ-आठ मीटर दोरी. पानांपासून तार एवढी लांब ठेवणं गरजेचं असतं. डायपोलच्या टोकांवर व्होल्टेज सगळ्यात जास्त असतं आणि ओली पानं टोकाला लागली की सगळं गणित सरकतं.

डिसेंबरात मी सुतळीला दगड बांधून सुरुवात केली. माहेरी दांडिया बाजारात लहानपणी भाऊ असंच लंगड करायचे, कटलेले पतंग ओढायला. हात अजून आठवत होता, पण सहा मीटरच्या वर दगड जाईना. एकदा गेला तो गाठीतून निसटून पत्र्यावर पडला आणि एकदा फांदीच्या बगलेत असा रुतला की सुतळी कापावी लागली. आवाज ऐकून अप्पा, म्हणजे माझे सासरे, बाहेर आले. प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपात त्यांनी पस्तीस वर्षं फिटरचं काम केलेलं. वय ७६. तरुणपणी आख्ख्या पेठेत त्यांच्या पतंगाला तोड नव्हती, असं आत्या अजून सांगतात.

"अगं, आत्ता नको," ते म्हणाले. "उत्तरायण होऊ दे. आत्ता वर काय काय लटकणार आहे ते बघ तरी."

ते खरं होतं. १४ जानेवारी आणि दुसऱ्या दिवशीची वासी उत्तरायण झाली की आमच्याकडचं प्रत्येक झाड मांजाने भरलेलं असतं. काच लावलेला मांजा माझ्या दोरीला आडवा आला असता तर तिथेच तिचे दोन तुकडे झाले असते. म्हणून थांबले. सोळा तारखेपासून आम्ही दोघांनी मिळून आधी झाडं साफ केली, टोकाला काटेरी फांदी बांधलेल्या लांब बांबूने. हात पोहोचेल तितकंच निघालं, तरी पोतंभर झालं. त्यात नायलॉनचा मांजाही होता. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली तरी तो येतोच. एका गुंत्यात पारव्याचं पीस अडकलेलं होतं. गुजरातेत त्या दिवसांत जखमी पक्ष्यांसाठी करुणा अभियान चालतं, आमच्या कोपऱ्यावरही त्यांचा तंबू असतो. अप्पांनी तो गुंता हातात धरून मला दाखवला आणि म्हणाले, "तू जे वर टाकशील ते खाली आलं पाहिजे. सगळं." त्या वेळी मी हो म्हटलं. त्या शब्दाचं वजन मला पुढच्या महिन्यात कळलं.

फेब्रुवारीत अप्पांनी पतंगाचा प्रयोग करून बघू म्हटलं. पतंगावर अँटेना उचलणारे लोक आहेत, हे मी त्यांना सांगितलं होतं. कल्पना सरळ होती: झाडाच्या अलीकडून पतंग चढवायचा, झाडापलीकडे ढील देत न्यायचा आणि मग हळूहळू उतरवायचा, म्हणजे दोरा आपोआप शेंड्यावरून आडवा पडेल. मांजा अर्थातच नाही, साधी सद्दी, म्हणजे काच न लावलेला दोरा. त्यांनी किन्ना बांधला, बोटावर तोलून पाहिला, लेकीने फिरकी धरली. वाऱ्याचा एक झोका आला आणि पतंग कडुलिंबावरून असा अलगद पलीकडे गेला की आम्ही तिघंही गप्प उभे राहिलो. पण उतरताना हवा पडली. पतंग दोन घरं सोडून रस्त्याकडे वळला, आणि तिथे विजेच्या तारा आहेत. अप्पांनी क्षणाचाही विचार न करता दोरा तोडला. दोऱ्याची सगळी लांबी गोळा करायला आम्हांला तासभर लागला. भोवती मोकळं मैदान असेल तर पतंगाची पद्धत उत्तम आहे. वस्तीत ती करू नये. दोरा कुठे पडेल ते वारा ठरवतो, आणि शिवाय तो शेंड्याच्या काडीएवढ्या फांद्यांवर पडतो. त्या फांद्या वजन पेलत नाहीत.

आता गलोल. गलोलीच्या दांड्याखाली मासेमारीचं रीळ बसवायचं, त्यातल्या तंगुसाला शिशाचं वजन बांधायचं आणि ते वजन गलोलीतून सोडायचं. रीळ उघडं असलं की तंगूस सरसर सुटत जातो. मी ०.३५ मिलिमीटरचा तंगूस आणि ३० ग्रॅमची शिशाची गोळी घेतली. पादरा गावाकडे आत्यांचं शेत आहे, तिथे दोन रविवार सराव केला. पहिल्याच दिवशी कळलं की ३० ग्रॅम शिसं वीस मीटर उंचीपर्यंत सहज जातं, आणि चुकलं तर माणसाला गंभीर इजा करू शकतं. म्हणून काही गोष्टी ठरवून टाकल्या: डोळ्यांवर चष्मा, डोक्यावर हेल्मेट, हातात चामड्याचे मोजे, झाडापलीकडे कुणीही नाही याची खात्री करणारं एक माणूस, आणि त्याने हात वर केल्याशिवाय रबर ताणायचं नाही.

एवढी काळजी घेऊनही घरी चूक झालीच. कडुलिंबाला तेव्हा पालवी दाट होती. गोळी फांदीला लागली, तंगूस तिच्याभोवती तीन वेढे घेऊन बसला. मी ओढला. तंगूस रबरासारखा ताणला जातो, हे मला माहीत होतं आणि तरी ओढला. वर कुठेतरी सुटून गोळी माझ्या दिशेने सणसणत आली आणि हातभर अंतरावरच्या तुळशीच्या कुंडीचा काठ फोडून गेली. दुसऱ्या वेळी ओढल्यावर तंगूस मधेच तुटला. आठ-नऊ मीटर पारदर्शक नायलॉन गोळीसकट वर राहिला, खालून न दिसणारा.

त्या रात्री मला झोप लागली नाही. महिन्यापूर्वी ज्याचं पोतं भरलं होतं तेच मी स्वतःच्या हाताने झाडावर टांगलं होतं. दोन दिवस शोधून नारळाच्या आणि ताडाच्या झाडांवर चढणाऱ्या एका भाऊंना बोलावलं. कमरेला दोर, पायात फास, दहा मिनिटांत ते दुबेळक्यात बसलेले. तंगुसाचं भेंडोळं खाली टाकत ते म्हणाले, "बेन, आ तो चाइनीज दोरी जेवुंज थयुं ने." हे तर नायलॉनच्या मांजासारखंच झालं, असं त्यांचं म्हणणं. मी मान हलवली. ठरलेली मजुरी दिली. त्यांनी जाता जाता आणखी एक सांगितलं ते फार मोलाचं होतं: "पंदर दिवस थांबा, पाला पडशे."

वाचणारे बहुतेक जण विचारतील, मग त्यांच्याच हातून वर दोरी का नाही नेली? कडुलिंबापुरतं ते जमलं असतं. निलगिरीवर मात्र ते चढायला तयार नव्हते. फांदी ठिसूळ, न सांगता मोडते, असं त्यांचं म्हणणं, आणि ते रास्त आहे. एका झाडावर दोरी घालून दुसऱ्याचं काय, हा प्रश्न उरतच होता. शिवाय पुढे दोरी झिजली, तुटली, की दर वेळी माणूस शोधत फिरायचं. ही पद्धत स्वतःला येणं भाग होतं.

कडुलिंब फाल्गुनात झडतो. सकाळी झाडलेलं अंगण दुपारी पुन्हा पिवळं होतं आणि मग आठ-दहा दिवसांपुरता तो जवळजवळ उघडा उभा असतो. पाडव्याच्या सुमारास तांबूस कोवळी पालवी फुटते आणि पाहता पाहता दाट होते. झाडावर दोरी टाकायची असेल तर ती मधली खिडकी पकडायची. त्या दिवसांत मी रोज संध्याकाळी आरामखुर्ची टाकून नुसती फांद्या बघत बसायचे. कुठली फांदी कुठून निघते, कुठल्या दोन फांद्यांमधून मोकळं आकाश दिसतं, अंगणाच्या कोणत्या कोपऱ्यात उभं राहिलं की दुबेळक्यापुढे काहीच आडवं येत नाही. चार दिवसांनी तो कोपरा सापडला, हौदाच्या मागे. इतके दिवस मी फाटकाजवळून टाकत होते, कारण तिथे जागा ऐसपैस होती. हौदामागून तीच फांदी पूर्ण मोकळी दिसत होती.

गलोल या झाडासाठी बाजूला ठेवली. १०.५ मीटर हाताने गाठता येतात, फक्त दगडाऐवजी पिशवी पाहिजे. झाडं छाटणारे व्यावसायिक अशीच पिशवी वापरतात. जुन्या जीनचा पाय कापून मी ती शिवली, लांबट, दुधी भोपळ्याच्या आकाराची, वर एक कडी. आत सायकलच्या बेअरिंगचे छर्रे, एकूण ३२० ग्रॅम. तिला कुठेही कोपरा नाही, काही अडकेल असं टोक नाही, त्यामुळे ती फांदीवरून घसरून पुढे पडते. आणि वजन एवढं असतं की पलीकडे गेल्यावर दोरी मागे ओढत स्वतःच खाली येते. हलक्या गोळीला जी पानं अडवतात ती हिला अडवत नाहीत. दोरी गवंडी वापरतात ती नारिंगी लाइनदोरी, पण विणीची. पिळाची घेतली तर ती सैल सोडताच स्वतःभोवती वेटोळी घालते. आणि ही दोरी जमिनीवर पसरायची नाही; घमेल्यात एकावर एक सैल सोडत जायची, वेढे न घालता. मग फेकताना ती घमेल्यातून गाठ न पडता उठते. माझे सुरुवातीचे कितीतरी फेक केवळ पायात दोरी अडकून फुकट गेले होते.

फेकायची रीत अशी: दोरी दुहेरी धरून पिशवी गुडघ्यांमध्ये लोंबकळत ठेवायची, दोन्ही हातांनी दोन-तीन झोके द्यायचे, आणि तिसऱ्या झोक्याला हात वर जात असताना, नजर फांदीच्या जरा वर ठेवून, सोडून द्यायचं. हाताच्या ताकदीने फेकलं की पिशवी वेडीवाकडी जाते. झोका लांबवला की ती आपसूक उंच जाते. सोळाव्या फेकीला ती दुबेळक्यावरून गेली. त्याच वेळी बाजूच्या दोन फांद्याही तिने घेतल्या होत्या, म्हणजे दोरी तीन फांद्यांवरून आडवी. इथे बहुतेक जण ओढून घेतात आणि पुन्हा फेकतात. मला शेतावर सराव करताना एक युक्ती सापडली होती. पिशवी खाली येऊ द्यायची नाही. आपल्या बाजूने ओढून ती नको असलेल्या फांदीच्या अगदी खाली आणायची, दोरीला एक हिसका देऊन पिशवीला झोका द्यायचा आणि ती फांदीच्या वर उडाली की ओढून घ्यायची. एक फांदी सुटली. मग दुसरी. अप्पा खुर्चीत बसून सांगत होते, "आता ढील... आता खेच... थांब, हवा जाऊ दे." त्यांच्यासाठी तो पतंगच होता. पाऊण तासाने पिशवी एकट्या दुबेळक्यावरून, बुंध्याला लागून, सरळ खाली आली. मी ती हातात घेतली आणि माझे गुडघे थरथरत होते.

निलगिरीला सोळा मीटर, तिथे गलोलच लागणार. पण यावेळी दोन बदल केले. पारदर्शक तंगूस सोडून झगझगीत पिवळा घेतला, म्हणजे वर कुठे काय आहे ते दिसतं. आणि शिशाची गोळी तंगुसाला थेट न बांधता मध्ये शिवणाच्या दोऱ्याचा चार बोटं तुकडा ठेवला. गोळी अडकली की आधी तो दोरा तुटतो. गोळी वर राहते, पण तंगूस एकही गाठ नसलेल्या टोकासकट सरकत खाली येतो. हे सुचल्यावर मला खरोखर हलकं वाटलं. जे वर जाईल ते खाली येईल, या बोलीचा निदान दोऱ्यापुरता मी बंदोबस्त केला होता. एक गोळी वर राहिलीच, ती पुढे पावसाळ्यात पडली.

आधी हेरलेली फांदी मात्र बदलावी लागली. आमच्या निलगिरीच्या बुंध्यात, मोडलेल्या जुन्या फांदीच्या जागी एक ढोली आहे, आणि मार्चात तिथे पोपटांची जोडी ये-जा करू लागली. ते त्यांचे विणीचे दिवस. १८ मीटरवरची फांदी ढोलीच्या अगदी वर होती, म्हणून ती सोडून झाडाच्या दुसऱ्या अंगाची १६ मीटरवरची घेतली. मनगटाहून जाड, आणि दोरी बुंध्यालगतच बसेल अशी. निलगिरीवर टोकाकडच्या फांदीचा भरवसा धरायचा नाही. सकाळी दहाला पोपट दाणापाण्याला गेले की अर्धा तास मिळायचा. तिसऱ्या दिवशी, सातव्या नेमाला, पिवळी रेघ फांदीवरून गेली आणि गोळी मागच्या भिंतीपाशी गवतात पडली.

पुढचं काम संयमाचं. तंगुसाच्या टोकाला लाइनदोरी, लाइनदोरीच्या टोकाला खरी दोरी, असं पायरीपायरीने ओढत न्यायचं. घाईने तंगुसालाच जाड दोरी बांधली तर तो तुटतो. सगळी गंमत जोडात आहे. नुसती गाठ मारली की ती फांदीच्या सालीत अडकते. दोन्ही टोकं वीतभर एकमेकांवर ठेवून, दोन ठिकाणी बांधून, वरून चिकटपट्टी अशी गुंडाळायची की जोड गाजरासारखा निमुळता होईल. लेक खालून तंगूस ओढत होती, मी दुसऱ्या बाजूने दोरी सोडत होते. जोड फांदीपाशी पोहोचला, क्षणभर थांबला, आणि पार झाला. तंगूस सगळा परत फिरकीवर आला. अप्पांनी तो मोजून घेतला: ४१ मीटर गेला होता, ४१ आला.

दोरीबद्दल थोडं. गच्चीवरच्या पहिल्या अँटेनाला मी हार्डवेअरच्या दुकानातली पिवळी प्लास्टिकची दोरी बांधली होती. काही महिन्यांच्या उन्हात ती चोळली तर भुगा होऊ लागली. नायलॉन मजबूत असतं, पण ओलं झालं की लांबतं आणि तार झोल खाते. बाहेर उन्हात टिकायला पॉलिएस्टरची विणलेली दोरी चांगली. मी ६ मिलिमीटरची १०० मीटर घेतली आणि त्यातली ८४ लागली. एवढी लागली कारण अँटेना थेट फांदीवरच्या दोरीला बांधला नाही. फांदीवरून गेलेल्या दोरीच्या टोकाला कप्पी बांधून ती कप्पी फांदीखाली ओढून नेली, आणि कप्पीतून अँटेनाची वेगळी दोरी ओवली. त्यामुळे अँटेना हवा तेव्हा विहिरीच्या पोहऱ्यासारखा खाली घेता येतो आणि फांदीवरची दोरी हलत नाही, साल घासत नाही. जिथे ती सालीला टेकते तिथे सायकलची जुनी ट्यूब चढवली आहे. झाडात खिळा एकही नाही.

पाडव्याच्या आदल्या रविवारी तार वर गेली. कॉपरची साधी घरगुती वायर, मध्ये बलून, म्हणजे तार आणि सेटची केबल जोडणारा छोटा ट्रान्सफॉर्मर, टोकांना चिनी मातीचे इन्सुलेटर. मधोमध १२ मीटर उंची भरली. रस्त्यावरच्या विजेच्या तारांपासून अंतर दोनदा मोजलं होतं, कुठलंही टोक तुटून कसंही पडलं तरी तिथपर्यंत पोहोचणार नाही असं. वायर मुद्दाम थोडी लांब ठेवली होती. तीनदा खाली घेऊन दोन्ही बाजूंनी सारखी छाटली, तेव्हा एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेना सेटशी किती जुळला याचं माप (१ म्हणजे अगदी जुळलेला), १.३ वर आला. त्याच संध्याकाळी पुण्याच्या एका ज्येष्ठ हॅमने मला पाच-नऊचा, म्हणजे आवाज अगदी स्पष्ट आणि जोरदार येतोय असा, रिपोर्ट दिला. मी रिपोर्ट लिहून घेतला आणि सेटसमोर तशीच बसून राहिले. अप्पा दारात उभे होते. "पुणं?" एवढंच त्यांनी विचारलं.

मी एक चूक मात्र केलीच होती. दोन्ही टोकं घट्ट बांधली होती. झाडं डोलतात, आणि दोन झाडं एकाच तालात डोलत नाहीत. मे महिन्यातल्या वळवाच्या वादळात कडुलिंब एकीकडे आणि निलगिरी दुसरीकडे गेली, आणि वायर बलूनपाशी तुटली. दोऱ्या शाबूत होत्या, म्हणून अर्ध्या दिवसात दुरुस्ती झाली. तेव्हापासून कडुलिंबाकडची दोरी बांधलेली नाही. कप्पीतून खाली आलेल्या टोकाला वाळू भरलेला डबा टांगला आहे, एकूण ८ किलो, जमिनीपासून पुरुषभर उंच. वारा आला की तो डबा वर-खाली होतो, तार मात्र तशीच राहते. डब्याखाली कुणी उभं राहू नये म्हणून त्याभोवती कुंड्यांचं रिंगण केलं आहे. पावसाळ्यात गडगडाट सुरू व्हायच्या आधी केबल सेटमधून काढून बाहेर ठेवते, हे वेगळं सांगायला नको.

यंदा १२ जानेवारीला मी आणि अप्पांनी अँटेना खाली घेतला. कटलेला पतंग त्या तारेवर आला असता तर मांजा तिथेच लटकत राहिला असता, आणि घारी-पारव्यांच्या वाटेत आणखी एक फास नको. कप्पीमुळे सगळं काम वीस मिनिटांचं. वायर गुंडाळून माळ्यावर ठेवली, फांद्यांवरच्या दोन दोऱ्या तेवढ्या राहिल्या. १७ तारखेला झाडं साफ करून तो पुन्हा चढवला. निलगिरीच्या दोरीवर, ट्यूबच्या जरा पुढे, हातभर भाग केसाळ झाला आहे. पुढच्या फाल्गुनात, पाला पडला की, नवी दोरी जुनीच्या शेपटीला जोडून तिच्याच वाटेने ओढून घेणार आहे.